मर्यादित आवृत्तीची सिंगल माल्ट स्कॉच: चाखावी कशी, ताडून पाहावी कशी

स्कॉच कशाला म्हणावे हे २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीने बारकाईने ठरवून दिले आहे. मद्य स्कॉटलंडमध्ये गाळलेले असावे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात ते तेथेच किमान तीन वर्षे मुरलेले असावे, बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी नसावे, आणि पाणी व साधा कॅरॅमल रंग यांखेरीज त्यात काहीही मिसळलेले नसावे. सिंगल माल्टसाठी याहून कडक अटी आहेत: ती एकाच डिस्टिलरीत (मद्य गाळण्याच्या कारखान्यात), केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल या तांब्याच्या भांड्यात गाळलेली हवी, आणि २३ नोव्हेंबर २०१२ पासून ती बाटलीतही स्कॉटलंडमध्येच भरली गेली पाहिजे. एवढ्या काटेकोर नियमावलीत ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांची व्याख्या मात्र नाही. मर्यादा दोनशे बाटल्यांची असावी की तीस हजारांची, हे उत्पादक ठरवतो.

म्हणून अशी बाटली एकटी उघडून, एकटी चाखून तिच्याविषयी मत देण्यात फारसा अर्थ नसतो. एकटी चाखलेली चांगली व्हिस्की नेहमीच चांगली लागते. ती वेगळी आहे का, आणि तो वेगळेपणा आपल्याला हवासा आहे का, हे कळण्यासाठी तिला त्याच डिस्टिलरीच्या नेहमीच्या बाटलीशेजारी, सारख्या तीव्रतेवर आणि नाव झाकून ठेवावे लागते. पुढील सारी कृती या तीन अटींभोवती रचलेली आहे.

लेबलाचा हिशेब

बूच काढण्यापूर्वी लेबल वाचावे, आणि तेही पेन्सिल हातात घेऊन. एकाच पिंपातून काढलेली आवृत्ती असेल तर बाटल्यांची संख्या साध्या गणिताने पडताळता येते. हॉग्जहेड प्रकारच्या पिंपात सुमारे २५० लिटर मावते, आणि स्कॉटलंडच्या हवेत दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य उडून जाते, ज्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात. या हिशेबाने १८ वर्षांनी पिंपात सुमारे १७४ लिटर उरतात, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या साधारण २४८ बाटल्या भरतात. तेच मद्य ५७ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आणले, तर पाण्यामुळे बाटल्या तीनशेच्या वर जातात. शेरी या स्पॅनिश वाइनचे बट हे पिंप ५०० लिटरचे असल्याने त्यातून याच्या दुप्पट बाटल्या निघतात. लेबलावरचा आकडा या परिघात बसत असेल तर ती खरोखर एका पिंपाची गोष्ट आहे. आकडा हजारोंत असेल तर ते अनेक पिंपांचे मिश्रण आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त ‘दुर्मीळ’ हा शब्द तेवढ्या प्रमाणात हलका करून घ्यावा.

वयाचा आकडा मिश्रणातील सर्वांत तरुण मद्याचा असतो. दहा वर्षांच्या बाटलीत वीस वर्षांचे मद्य असू शकते, पण नऊ वर्षांचे असू शकत नाही. वय न छापलेली आवृत्ती म्हणजे निकृष्ट, असा समज रूढ आहे. मला तो अर्धवट वाटतो, कारण वय न छापण्यामागे तरुण मद्य लपवण्याचा हेतू जसा असू शकतो, तसाच तरुण आणि वृद्ध मद्यांच्या जाणीवपूर्वक केलेल्या मिश्रणाचाही असू शकतो. लेबलावरून दोन्हींतला फरक कळत नाही, तो जिभेलाच शोधावा लागतो.

रंगावर मात्र मुळीच विसंबू नये. कॅरॅमल रंगाला परवानगी असल्यामुळे गडद तपकिरी छटा म्हणजे दीर्घकाळ मुरलेली शेरीच्या पिंपातील व्हिस्की, हे अनुमान ठिसूळ आहे. लेबलावर ‘नैसर्गिक रंग’ असे स्पष्ट छापलेले असेल तरच रंगाला पुरावा म्हणून थोडी किंमत द्यावी. जर्मनीच्या बाजारासाठीच्या बाटलीवर रंग घातल्याची नोंद छापावी लागते, त्यामुळे तीच व्हिस्की तेथे कशी विकली जाते हे पाहणे ही रसिकांची जुनी युक्ती आहे.

शेजारी कोणती बाटली ठेवावी

मर्यादित आवृत्ती चांगली की वाईट, हे बहुतेक वेळा चाखण्याआधीच, म्हणजे तिच्या शेजारी काय ठेवले यावरून ठरून गेलेले असते. आयला बेटावरची, पीटच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीची धुरकट व्हिस्की आणि स्पेसाइड भागातली शेरीच्या पिंपात मुरलेली व्हिस्की यांची तुलना केली तर आपल्याला धूर आवडतो की मनुका, एवढेच कळते. तुलना अर्थपूर्ण व्हायची असेल तर दोन ग्लासांत शक्यतो एकच गोष्ट वेगळी असावी.

आयलावरच्या लागावुलिन डिस्टिलरीचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. तिची नेहमीची बाटली १६ वर्षांची आणि ४३ टक्क्यांची असते. डिआजिओ ही कंपनी २००१ पासून दरवर्षी ‘स्पेशल रिलीजेस’ नावाने जो संच काढते, त्यात लागावुलिन १२ वर्षांची, पिंपातील मूळ तीव्रतेवर भरलेली आवृत्ती वारंवार आलेली आहे. येथे मर्यादित आवृत्ती नेहमीच्या बाटलीपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. दोन्ही सारख्या तीव्रतेवर आणून समोरासमोर ठेवल्या की वयाने काय मिळते आणि काय हरवते ते एका बैठकीत समजते: धाकट्या मद्यात धूर धारदार आणि लिंबासारखा उजळ असतो, तर थोरल्यात तो लाकडात आणि गोडव्यात मिसळून मऊ झालेला असतो.

आयलावरच्याच आर्डबेग डिस्टिलरीच्या काही वार्षिक आवृत्त्या दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडतात. २०१७ ची केल्पी ही आवृत्ती डिस्टिलरीच्या ‘कमिटी’ नावाच्या चाहत्यांच्या मंडळाच्या सभासदांसाठी ५१.७ टक्क्यांवर आणि सर्वसाधारण विक्रीसाठी ४६ टक्क्यांवर निघाली. एकच नाव, दोन तीव्रता, आणि शेजारी ४६ टक्क्यांचीच नेहमीची दहा वर्षांची आर्डबेग. अशा त्रिकुटातून तीव्रतेचा परिणाम आणि पिंपांच्या निवडीचा परिणाम वेगवेगळे तपासता येतात.

कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी तर एखाद्या पाठ्यपुस्तकासारखी आहे. ती आपल्या सगळ्या बार्लीला स्वतःच्याच फरशीवर मोड आणते आणि एकाच छपराखाली तीन स्वभावांची मद्ये गाळते: मध्यम धुराची, अडीच वेळा (म्हणजे काही भाग दोनदा, काही तीनदा) गाळलेली स्प्रिंगबँक, भरपूर धुराची लाँगरो, आणि धुराविना, तीनदा गाळलेली हेझलबर्न. तिच्या ‘लोकल बार्ली’ या, स्थानिक बार्लीपासून केलेल्या मालिकेतली एखादी बाटली हाती लागली, तर शेजारी दहा वर्षांची ४६ टक्क्यांची स्प्रिंगबँकच असावी. इतर काही ठेवले तर बार्लीविषयी काहीही उमगणार नाही.

एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नयेत. दोन जोड्या पुरेशा होतात, आणि नवशिक्याला एकच जोडी पुरते.

मांडणी

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. २००१ पासून मिळणारा ग्लेनकेर्न ग्लास किंवा शेरी पिण्याचा कोपिता ग्लास दोन्ही चालतात, पण सर्व ग्लास एकाच प्रकारचे हवेत. प्रत्येकात मोजून १५ मिलिलिटर ओतावे, वर काचेची चकती किंवा बशी झाकावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. व्हिस्कीचे वय जितकी वर्षे तितकी मिनिटे थांबावे, असा एक लोकप्रिय संकेत आहे. त्याला शास्त्राचा आधार नसला तरी त्या निमित्ताने माणूस थांबतो, हे खरे. बर्फ नको, अत्तर नको, स्वयंपाकघराचा शेजार नको. साधे, कमी क्षारांचे, खोलीच्या तापमानाचे पाणी आणि थुंकण्यासाठी एक भांडे हवे. ५५ टक्क्यांचे चार नमुने प्रत्येकी १५ मिलिलिटर गिळले, तर पोटात ३३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो, म्हणजे ब्रिटिश मोजमापाने ३.३ युनिट. तेथील आरोग्य सल्ल्यानुसार आठवड्याची कमाल १४ युनिट आहे. शिवाय तिसऱ्या नमुन्यानंतर निर्णयशक्ती मंदावते ती वेगळीच. थुंकणे यात अशोभनीय काही नाही.

आणखी एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तीन महिन्यांपूर्वी उघडलेली, अर्धी रिकामी झालेली बाटली आणि आज बूच काढलेली नवी बाटली यांची तुलना न्याय्य नसते. बाटलीत हवा शिरली की वास हळूहळू बदलतात. काही आवृत्त्या त्याने खुलतात, तर काहींचा धूर विरतो. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी उघडाव्यात. ते शक्य नसेल तर उघडल्या दिवशीच छोट्या कुपीत काठोकाठ भरून ठेवलेला नमुना वापरावा. बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, कारण तीव्र मद्यार्क बुचाला खातो.

वास घेताना

नाक ग्लासात खुपसू नये. कडेपासून थोडे दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून, लहान लहान श्वास घ्यावेत. पन्नास टक्क्यांच्या वर मद्यार्क नाकाला बधिर करतो, आणि एकदा बधिर झालेले नाक दुसऱ्या ग्लासावर अन्याय करते. दोन ग्लासांच्या मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घेण्याची पद्धत व्यावसायिकांतही आहे. ती विचित्र दिसते, पण उपयोगी पडते.

आता शब्दांचा प्रश्न. १९७९ मध्ये एडिंबरा येथील पेंटलँड्स संशोधन केंद्रात व्हिस्कीच्या गंधांचे एक चक्र तयार झाले, आणि तेव्हापासून चाखणाऱ्यांची बरीचशी शब्दसंपत्ती त्यातून येते. ते जरूर पाहावे, पण त्यातले शब्द उचलून वहीत भरू नयेत. वासांच्या बाबतीत मराठी गरीब नाही. जळकट, करपट, कुबट, खवट, ओशट, मेणचट, दमट, उग्र या प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ आहे, आणि यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या स्कॉचला लागू पडतो. क्लाइनलिश डिस्टिलरीच्या व्हिस्कीच्या ज्या गुणाविषयी जगभर लिहिले जाते त्याला ‘मेणचट’ हा एकच शब्द पुरतो. शेरीच्या काही पिंपांतून गंधकाचा अंश येतो, त्याला ‘नुकतीच ओढलेली आगकाडी’ म्हटले की वाचणाऱ्याच्या नाकाला ते लगेच कळते. ‘कुबट’ मात्र जपून वापरावा. जुन्या, थकलेल्या पिंपाचा कुबटपणा आणि खराब बुचाचा कुबटपणा वेगळे असतात, आणि दुसऱ्याचा दोष डिस्टिलरीच्या माथी मारू नये.

वास कुठून आला याचाही अंदाज बांधत जावा, कारण मर्यादित आवृत्तीची जाहिरात बहुधा पिंपाचीच असते. व्हॅनिला आणि खोबऱ्याची छटा अमेरिकन पांढऱ्या ओकातून येते. त्यातील व्हॅनिलिन आणि लॅक्टोन ही द्रव्ये त्याला कारण असतात. युरोपीय ओक लवंग, सुकामेवा आणि तुरटपणा देतो. ‘शेरी कास्क’ असे वाचून लगेच हुरळून जाऊ नये. शेरी पिंपांतून जहाजाने ब्रिटनला जाण्याची प्रथा १९८० च्या दशकात संपली, आणि तेव्हापासूनची बहुतेक शेरी पिंपे व्हिस्की उद्योगासाठी मुद्दाम शेरी मुरवून तयार केलेली असतात. ती चांगली असतात, पण जुन्या वाहतूक पिंपांसारखी नसतात. त्यामुळे साठच्या दशकातील एखाद्या बाटलीचे वर्णन वाचून आजच्या आवृत्तीत तेच शोधणे व्यर्थ आहे.

धुराच्या आकड्यांचेही तसेच आहे. ब्रुइकलॅडी डिस्टिलरीची ऑक्टोमोर ०८.३ ही आवृत्ती ३०९.१ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) फिनॉल, म्हणजे धुरकट वासाच्या द्रव्यांच्या आकड्याने गाजली. हा आकडा मोड आणलेल्या बार्लीवर मोजलेला असतो, बाटलीतल्या मद्यावर नव्हे. दळताना, आंबवताना आणि गाळताना त्यातला मोठा भाग गळतो, पुढे पिंपात आणखी कमी होतो. म्हणून दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट धूर, असे जीभ कधीच सांगत नाही.

पाणी: तुलनेचा खरा कणा

पहिला घोट पाण्याविना घ्यावा, आणि पुढचे सगळे महत्त्वाचे काम पाण्यावर सोपवावे. मर्यादित आवृत्ती बऱ्याचदा ५५ ते ६० टक्क्यांची असते आणि नेहमीची बाटली ४० ते ४६ टक्क्यांची. तीव्र मद्य तोंडात जास्त भरीव, जास्त गोड, जास्त ‘मोठे’ वाटते. हा फरक डिस्टिलरीच्या कौशल्याचा नसून कमी पाण्याचा असतो, आणि जाहिरातीतील बरीचशी स्तुती नेमकी याच फरकावर उभी असते.

दोन्ही ग्लास एका तीव्रतेवर आणण्याचे सूत्र सोपे आहे. मूळ तीव्रतेला हव्या त्या तीव्रतेने भागावे, उत्तरातून एक वजा करावा आणि जे उरेल त्याने व्हिस्कीचे मिलिलिटर गुणावेत. १५ मिलिलिटर व्हिस्की ५८ टक्क्यांची आहे आणि ती ४६ वर आणायची आहे, असे समजा: ५८ भागिले ४६ म्हणजे १.२६, त्यातून एक गेला की ०.२६, आणि त्याला १५ ने गुणले की ३.९ मिलिलिटर पाणी. केल्पीच्या ५१.७ टक्क्यांच्या बाटलीसाठी याच हिशेबाने १.९ मिलिलिटर लागते. औषधाच्या दुकानातील सुई नसलेली सिरिंज यासाठी पुरेशी अचूक असते. अंदाजाने ‘दोन थेंब’ टाकण्यात कितीही ऐट असली तरी त्यातून तुलना होत नाही.

पाण्याने केवळ तिखटपणा कमी होतो असे नाही. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीने दाखवले, की धुरकट वासाशी जोडलेला ग्वायाकोल हा रेणू मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतो आणि ५९ टक्क्यांच्या वर मद्यार्काने वेढला जाऊन आत दडतो. आयलाची मूळ तीव्रतेची व्हिस्की पाणी घातल्यावर जास्त धुरकट का वाटते, याचे हे समजण्याजोगे स्पष्टीकरण आहे. उद्योगातील मिश्रणकार तर मद्य सुमारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, चाखत नाहीत. शेवटच्या फेरीत हाही प्रयोग करावा. त्या तीव्रतेवर सौंदर्य फारसे उरत नाही, पण दोष मात्र नागडे होतात.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित धूसर झाली तर घाबरू नये. बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणीतून न काढलेल्या मद्यातील एस्टर ही तेलकट द्रव्ये ४६ टक्क्यांखाली विरघळलेली राहत नाहीत, म्हणून तो ढग दिसतो. बऱ्याच गंभीर बाटल्या नेमक्या ४६ टक्क्यांवर भरलेल्या असतात त्याचे एक कारण हेच.

घोटाचे तीन टप्पे असतात: जिभेवर पडताना, तोंडात फिरवताना आणि नंतर. घोट लहान असावा, दहा सेकंद तोंडात धरावा, आणि मग तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडावा. चवीतला निम्म्याहून अधिक तपशील या परतीच्या श्वासात कळतो. ‘नंतर’चा टप्पा घड्याळ लावून मोजावा. मात्र लांब रेंगाळणारी चव आपोआप चांगली, असे मानू नये. कडवट लाकूडही खूप वेळ रेंगाळते.

नाव झाकून

येथपर्यंतचे सारे उघड्या बाटल्यांनी करता येते, आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. एका वार्षिक आवृत्तीविषयी मी स्वतः पानभर कौतुक लिहिले होते. आठवड्याने घरच्यांनी तीच आवृत्ती आणि त्याच डिस्टिलरीची नेहमीची बाटली, दोन्ही समान तीव्रतेवर आणून, खुणा न करता समोर ठेवली, तेव्हा मी कौतुक केलेले सारे गुण नेहमीच्या बाटलीत शोधून काढले. ते पान मी अजून फाडलेले नाही.

यासाठी त्रिकोणी चाचणी सर्वांत चोख आहे. दुसऱ्या व्यक्तीने तीन ग्लास भरावेत, दोहोंत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी. ग्लासांच्या तळाला आकडे चिकटवावेत आणि आपण केवळ वेगळा ग्लास ओळखावा. कोणती चांगली हा प्रश्न येथे नसतोच. नुसत्या अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता तीनांत एक असते, म्हणून एकदा ओळखले तर काहीच सिद्ध होत नाही. पाचपैकी चार किंवा पाचही वेळा ओळखले, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास उरते, आणि फरक खरा आहे असे म्हणायला हरकत नसते. पाच फेऱ्या दोन-तीन संध्याकाळी वाटून, प्रत्येक ग्लासात पाचच मिलिलिटर घेऊन कराव्यात. रंगात फरक असेल तर निळे ग्लास वापरावेत किंवा दिवा मंद करावा. दर फेरीत ग्लासांचा क्रम बदलावा, कारण पहिला ग्लास नेहमी जास्त तिखट भासतो. धुरकट आणि बिनधुराची जोडी असेल तर ही चाचणी अर्थातच फुकट आहे.

फरक ओळखता आला, तरच पुढचा प्रश्न विचारावा: नाव झाकलेले असताना पुन्हा कोणता ग्लास भरून घ्यावासा वाटतो? शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. ८७ आणि ८८ यांतला फरक सांगणारी जीभ मला अजून भेटलेली नाही, आणि गुण लिहिले की माणूस वर्णन लिहिण्याचा कंटाळा करतो. नुसता क्रम लावावा, आणि प्रत्येक व्हिस्कीपुढे नेहमीच्या बाटलीत नसलेली एकच गोष्ट लिहावी. ती गोष्ट सुचत नसेल तर रकाना कोरा ठेवावा. किंमत आणि पेटीची सजावट नावे उघडी केल्यानंतरच पाहावी. सोथबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात नोव्हेंबर २०२३ मध्ये मॅकॅलन डिस्टिलरीची १९२६ मध्ये गाळलेली व्हिस्की २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ती एका पिंपातून १९८६ मध्ये भरलेल्या अवघ्या ४० बाटल्यांपैकी एक होती. त्या किमतीत चवीचा वाटा किती हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण अशा बाटल्या चाखण्यासाठी सहसा उघडल्या जात नाहीत.

बाटली विकत घेण्याआधी ही सारी खटपट करता आली तर उत्तम. नमुन्यांच्या छोट्या कुप्या त्यासाठीच असतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस आयलावर भरणाऱ्या फेश ईला या उत्सवात डिस्टिलऱ्या आपल्या त्या वर्षीच्या आवृत्त्या थोड्या थोड्या ओतूनही देतात. बाटली आधीच घरी आली असेल तर पहिल्या दिवशी दोन्ही व्हिस्कींचे वीस वीस मिलिलिटर कुप्यांत भरून, बूच घट्ट लावून अंधारात ठेवावेत. तीन महिन्यांनी जुनी टिपणे न वाचता तोच सामना पुन्हा मांडावा. मग दोन्ही टिपणे शेजारी ठेवावीत आणि जे वर्णन दोन्हींत आले असेल तेवढेच वहीत पक्क्या शाईने उतरवावे.